‘मोटर गेली’ म्हणण्याआधी…

रोवणीचे दिवस. लाखांदूरहून वडसा, पवनी, साकोली, कुठेही निघा. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या आणि रस्त्यावर चिखलणी करून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरनं सांडलेला चिखल. समोरून ट्रक येतो आणि गढूळ पाण्याचा फवारा थेट काचेवर. हात आपोआप वायपरच्या दांडीकडे जातो. वायपर एकदा फिरतो, चिखल काचभर सारवून ठेवतो आणि मधेच उभा राहतो. वॉशर दाबला तर नुसता ‘घुर्रर्र’ आवाज. पाणी नाहीच.

आता जरा हिशेब करा. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. काच फक्त दोन सेकंद आंधळी झाली तरी ३३ मीटर रस्ता तुम्ही न बघता कापलेला असतो. त्या ३३ मीटरमध्ये सायकलवरून शाळेतून येणारी पोरं असू शकतात, घराकडे निघालेली गुरं असू शकतात. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन भंडाऱ्याला किंवा ब्रह्मपुरीला निघालेली गावातली एखादी गाडी असली, तर गाडीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे जीव टांगणीला.

इतकी महत्त्वाची वस्तू, पण तिच्याकडे आपलं लक्ष कधी जातं? पहिला पाऊस पडला की! मग गॅरेजसमोर रांग लागते आणि एक संवाद हमखास ऐकू येतो.

“वायपर चालून नाही राहिला जी.”

“मोटर गेली असन भाऊ. बदलून टाका.”

मोटर जाते, नाही असं नाही. पण वायपर बंद पडण्याची कारणं बरीच असतात आणि मोटर त्यातलं फक्त एक. शिवाय ते सगळ्यात महागातलं. एखादा सैल नट, गंजलेली तार किंवा उडालेला फ्यूज सापडला असता तर जे काम फुकटात झालं असतं, त्यासाठी न तपासता मोटर बदलायची आणि नवी मोटर बसवल्यावरही वायपर जागचा हलत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय अर्थ? म्हणून आजचा विषय सोपा आहे. पार्ट बदलण्याआधी दोष शोधायचा कसा? इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. कान, डोळे आणि थोडा धीर पुरतो.

बटण ते काच

आधी रस्ता समजून घेऊ. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून, दांडीच्या स्विचमधून आणि रिलेमधून वायपरच्या मोटरपर्यंत येतो. (काही गाड्यांत क्रम थोडा वेगळा असतो, पण पात्रं हीच.) मोटर फिरते गोल गोल. वायपर मात्र डावीकडे-उजवीकडे हलायला हवा. हा बदल करणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना म्हणतात लिंकेज. ते बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीखाली लपलेलं असतं. लिंकेजच्या टोकाला दातेरी शाफ्ट, शाफ्टवर नटनं आवळलेला वायपरचा आर्म, आर्मला ब्लेड आणि ब्लेडमध्ये रबर.

म्हणजे साखळी अशी: बॅटरी, फ्यूज, स्विच, रिले, मोटर, लिंकेज, आर्म, ब्लेड, रबर. कुठलीही एक कडी तुटली की काच पुसली जात नाही. मेकॅनिकचं कसब एवढंच की नेमकी कोणती कडी तुटली ते कमीत कमी खोलाखोल करून ओळखायचं. डॉक्टर आधी स्टेथोस्कोप लावतो, मग ऑपरेशनचं बघतो. तसंच हे.

आधी कान लावा

काच ओली करा. इंजिन बंद, चावी ऑन. वायपर चालू करा आणि ऐका.

मोटरचा आवाज येतो, पण आर्म हलत नाही? मग मोटर जिवंत आहे! दोष तिच्या पुढे आहे. एकच आर्म हलत नसेल तर त्याच्या बुडाशी असलेलं प्लॅस्टिकचं झाकण काढून नट बघा. बहुतेक वेळा तो सैल झालेला असतो. वायपर थांबायच्या जागी आहे याची खात्री करा, आर्म सरळ बसवा आणि नट आवळा. शाफ्टचे दाते झिजले असतील तर मात्र आर्म बदलावा लागतो. दोन्ही आर्म मेले असतील आणि मोटर घुमतेय, तर लिंकेजचा जोड निखळलाय किंवा बुश झिजून बाहेर आलाय.

आवाजच नाही? आता फ्यूज बॉक्स उघडा. झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. छोट्या पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत: लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी अजिबात नको. फ्यूज जळतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. त्याला जळू दिलं नाही तर वायरिंग जळतं आणि मग गाडी.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी काहीतरी अडलंय किंवा तार सोललीय. इथे एक हुशार चाचणी आहे. मोटरपासून लिंकेज सुटं करायचं आणि मोटर एकटीच चालवून बघायची. मोकळी झाल्यावर छान फिरली तर गुन्हेगार मोटर नाही, गंजून घट्ट झालेला शाफ्ट आहे. दोन वर्षं पाऊस-धूळ खाल्लेला शाफ्ट साफ करून ग्रीस दिलं की अनेकदा मोकळा होतो.

फ्यूज ठीक आहे, तरी शांतता? मग टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर. वायपर ऑन ठेवून मोटरच्या प्लगवर करंट येतो का ते बघा. साधारण १२ व्होल्ट येत असतील आणि तरी मोटर ढिम्म, तर अर्थिंग तपासा. मोटर जिथे बॉडीला आवळली आहे किंवा तिची अर्थ वायर जिथे जोडली आहे, तिथला गंज सँडपेपरनं साफ करा. अर्थिंग बरोबर, करंट येतोय, तरी नाही फिरत? आता म्हणा, “मोटर गेली.” आणि करंटच येत नसेल तर मागे चला: रिले, मग स्विच. बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले फ्यूज बॉक्समध्ये असतो. अदलाबदल करून बघा, एका मिनिटात उत्तर मिळतं.

अजून तीन खुणा. वायपर हळू, थकल्यासारखा चालतो: बॅटरी अशक्त, अर्थिंग खराब किंवा शाफ्ट जड. एकाच स्पीडवर चालतो, दुसऱ्यावर नाही: मोटरमधला त्या स्पीडचा ब्रश, स्विच किंवा तिथवरची तार. बंद केल्यावर खाली जाऊन न बसता काचेच्या मध्येच थांबतो: पार्क स्विच. बटण बंद केल्यावरही वायपर आपल्या जागी जाईपर्यंत मोटरला करंट देत राहणारा हा छोटा खटका बहुतेक गाड्यांत मोटरच्या गिअरबॉक्समध्येच असतो.

काचेवरचं अक्षर वाचा

वायपर चालतो, पण नीट पुसत नाही, ही दुसरी तक्रार. इथे काच स्वतःच सगळं सांगते.

बारीक रेघा उमटतात? रबराची धार फाटली आहे किंवा तिच्यात माती अडकली आहे. ओल्या कापडानं धार पुसून बघा, कापड काळंकुट्ट होईल. रेघ तरीही तिथेच राहिली तर रबर बदला.

मध्ये एक पट्टा पुसायचा राहतो? ब्लेड वाकलंय किंवा आर्मची स्प्रिंग ढिली पडलीय. दाब कमी झाला की वेग वाढल्यावर वारा ब्लेडला उचलतो.

जाताना साफ, येताना खडखड? रबराची धार प्रत्येक फेरीत कूस बदलते आणि मागे मागे ओढली जाते. उन्हात ती एकाच बाजूला वळून कडक झाली किंवा आर्म पिळला गेला, तर उलट येताना ती उड्या मारत येते. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेला चिकटून भाजलेलं रबर जूनमध्ये मऊ कसं राहील? म्हणून सावलीत गाडी लावणं हेही मेंटेनन्सच.

सगळीकडे धुरकट पापुद्रा आणि समोरच्या हेडलाइटभोवती वलय? ब्लेडचा दोष नाही. काचेवर डिझेलचा धूर, पॉलिश आणि तेलाचा थर बसलाय. शाम्पूच्या पाण्यानं काच धुवा, कोरडी करा, मग ब्लेडला दोष द्या.

आणि दिवाळीनंतर मळणीच्या दिवसांत धानाचा कोंडा आणि तूस काचेवर बसतं, तेव्हा? कोरड्या काचेवर वायपर मारणं म्हणजे सँडपेपर घासणं. आधी पाणी, मग वायपर. रबर निसटून आर्मचं लोखंड काचेवर घासलं तर कायमची गोल रेघ उमटते. ती रोज रात्री हेडलाइटमध्ये चमकून आठवण करून देते.

ब्लेड बदलायला गेलात तर आधी जुन्याची लांबी मोजा. अनेक गाड्यांत ड्रायव्हरकडचं ब्लेड लांब आणि दुसऱ्या बाजूचं आखूड असतं. ब्लेड काढल्यावर उघडा आर्म काचेवर आपटला तर काच तडकू शकते, म्हणून काचेवर घडी घातलेला टॉवेल ठेवून मगच काम सुरू करा.

पाण्याचा माग काढा

वॉशर दुरुस्त करणं तर शेतातल्या पाइपलाइनसारखं आहे. पाणी कुठपर्यंत येतं ते बघत जायचं.

पहिलं काम, टाकीत पाणी आहे का? हसू नका. टाकी रिकामी असणं हे वॉशर न चालण्याचं अगदी नेहमीचं कारण. रिकाम्या टाकीवर बटण दाबून धरलं तर पंप कोरडा चालून जळतो, म्हणून आधी टाकी, मग बटण.

टाकी भरली. पंपाचा आवाज येत नाही? मग वायपरसारखंच: फ्यूज, स्विच, पंपाच्या प्लगवर करंट. आवाज येतो, पण पाणी नाही? पंपाजवळ पाइप काढा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. पंपातून पाणी नाही म्हणजे टाकीच्या तळाशी गाळ आहे, पंपाची जाळी चोंदली आहे किंवा पंप थकला आहे. पंपातून धार जोरात आली तर पुढे चला. बॉनेटच्या बिजागरीपाशी पाइप रोज वाकतो, तिथे तडे जातात. धानाची पोती ठेवलेल्या पडवीत गाडी उभी राहत असेल तर उंदरानं पाइप कुरतडला नाही ना, तेही बघा. पाइप नोझलपासून सोडवल्यावर त्यातून पाणी येतंय आणि नोझलमधून नाही, म्हणजे दोषी सापडला.

बोअरवेलचं क्षाराचं पाणी टाकीत भरलं की नोझलच्या बारीक भोकात पांढरा थर जमतो. बारीक सुई हलक्या हातानं फिरवा. थर हट्टी असेल तर नोझल काढून थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवा आणि उलट बाजूनं हवा मारा. गोल डोळ्याच्या नोझलमध्ये सुईनंच धारेची दिशाही बदलता येते. उभ्या गाडीत धार काचेच्या मध्याच्या थोडी वर पडली पाहिजे, कारण चालत्या गाडीत वारा तिला खाली दाबतो.

टाकीत गाळलेलं, शक्यतो फिल्टरचं पाणी आणि वॉशरचं लिक्विड घाला. कपडे धुण्याची पावडर नको. तिचा फेस काचेवर वाळतो आणि न विरघळलेले कण नोझलमध्ये अडकतात.

तंबाखूचा जुगाड आणि थंडीतलं धुकं

वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचा, हा ट्रक ड्रायव्हरांचा जुना उपाय. त्यामागे विज्ञान आहे. स्वच्छ नसलेल्या काचेवर पाण्याचे थेंब गोळे होऊन बसतात आणि प्रत्येक थेंब भिंगासारखा समोरचं चित्र वाकडं करतो. चोळलेल्या रसामुळे थेंब पसरून पातळ पडदा होतो आणि थोडं बरं दिसतं. पण जोराच्या पावसात हा लेप वाहून जातो, पाऊस थांबला की त्याचाच डाग पडतो. जवळच्या गॅरेजपर्यंत हळू पोहोचण्यापुरता ठीक. (खर्रा वापरू नका हं, त्यातली सुपारी काच ओरखडेल!)

दुसरा गोंधळ हिवाळ्यातला. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू होतो. रात्रभर नाटक बघून पहाटे आठ जण एका गाडीत कोंबून परत निघाले की काच पांढरी होते. ड्रायव्हर वायपर मारतो, काही फरक पडत नाही. पडणारच नाही, कारण दव आतून बसलंय. आठ जणांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर थेंब होऊन बसतेय. बोट फिरवून बघा, रेघ आतून उमटली तर वायपर निर्दोष. हवेची दिशा काचेकडे करा, बाहेरची हवा आत येऊ द्या, एसी असेल तर लावा, नसेल तर दोन खिडक्या बोटभर उघडा. दोष शोधण्यातला हा पहिला धडा: बिघाड आहे की नाही, हेच आधी ठरवा.

वर्गातलं फिजिक्स, काचेवरचं पेटंट

वायपरचा इतिहास वाचला तर कॉलेजातल्या मुलामुलींना हुरूप येईल. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचा ड्रायव्हर काच पुसायला धडपडतो, हे मेरी अँडरसन या प्रवासी बाईनं पाहिलं आणि आतून हातानं फिरवायच्या वायपरची कल्पना काढली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला पेटंट मिळालं. ती ना इंजिनिअर होती, ना कारखानदार. कंपन्यांनी त्या कल्पनेला दाद दिली नाही आणि तिला त्यातून पैसा मिळाला नाही.

रिमझिम पावसात थांबून थांबून चालणारा वायपर आणखी पुढचा. रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन प्राध्यापकानं १९६४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६७ मध्ये ते मिळालं. त्यात काय होतं? ट्रान्झिस्टर, बदलता येणारा रेझिस्टर आणि कपॅसिटर. बारावीच्या फिजिक्समध्ये कपॅसिटर चार्ज कसा होतो ते आपण शिकतो ना? तो भरायला लागणारा वेळ म्हणजेच दोन फेऱ्यांमधली विश्रांती. मोठमोठ्या कंपन्यांनी कल्पना वापरली म्हणून त्यानं वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला. १९९० मध्ये फोर्डनं त्याला १ कोटी २ लाख डॉलर दिले. त्याच्यावर २००८ मध्ये ‘फ्लॅश ऑफ जीनियस’ नावाचा सिनेमाही आला.

पुस्तकात ‘सर्किट’ रटणाऱ्यांनी एकदा बॉनेट उघडून बघावं. सिरीज, अर्थ, व्होल्टेज ड्रॉप, सगळं तिथे हाताला लागतं. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमध्ये हेच शिकवतात: अंदाजानं पार्ट बदलू नका, तपासत तपासत पुढे जा. हात बसला तर गावातच काम आहे. ट्रॅक्टर, पिकअप, काळी-पिवळी, सगळ्यांना पावसाळ्याआधी असा तपासणारा माणूस हवा असतो.

आणि हो, वायपर ही हौस नाही, कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ प्रमाणे समोरची काच असलेल्या मोटारगाडीला नीट चालणारा पॉवरचा वायपर असलाच पाहिजे.

दहा मिनिटांची परीक्षा

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, घरच्या किंवा काकांच्या गाडीवर एवढं करा.

१. ब्लेड उचला, रबराच्या धारेवरून बोट फिरवा. कडक, फाटकं, सुटलेलं असेल तर बदला.
२. काच शाम्पूनं धुवा, धार ओल्या कापडानं पुसा.
३. वॉशरची टाकी भरा, दोन्ही नोझलची धार बघा.
४. ओल्या काचेवर सगळ्या स्पीड तपासा. बंद केल्यावर वायपर जागेवर जाऊन बसतो का?
५. दोन जादा फ्यूज आणि एक स्वच्छ कापड डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. जाळीखाली हात घालण्याआधी चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. वायपर अचानक फिरला तर लिंकेजमध्ये बोटं सापडतात. आणि पाऊस ओळखून आपोआप चालणारा सेन्सरवाला वायपर असेल तर फ्यूज-ब्लेडच्या पुढचं काम माहितगारावर सोडा.

एवढं करूनही वाटेत वायपर बंद पडलाच, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवायची मर्दुमकी नको. वेग कमी करा, रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबा, चारही इंडिकेटर लावा आणि पाऊस ओसरू द्या. आपल्याकडचा पाऊस बांध्या भरायला येतो, तो थांबतोही. घरी दहा मिनिटं उशिरा पोहोचलात तर आई रागावेल. तेवढं ऐकून घ्या.